आईच्या चष्म्याची उजवी काच

माझे वडील चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासत होते. गिऱ्हाइकाची प्रत्येक काच ते खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून बघत. फुगीर काच उजेडाचे किरण आत वळवते आणि ते जिथे एकत्र येतात, तिथे खिडकीचं इवलंसं उलटं चित्र उमटतं. चित्र ठरलेल्या अंतरावर स्पष्ट आलं तरच काच पास. केसाइतकाही फरक खपायचा नाही.

आईचा चष्मा मात्र त्यांनी नापास काचांच्या डब्यातून केला. घरच्या माणसाला कशाला नवी काच! नऊ वर्षं आईचं डोकं दुखलं. "तुला कामं टाळायला निमित्तच हवं," बाबा खेकसायचे. मग ती कपाळ दाबत मुकाट्याने शिवण पुढे ओढायची.

आई गेल्यावर मी तो चष्मा भिंतीजवळ धरला. दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच होता. डाव्या काचेतून खिडकी लख्ख उमटली. उजवीतून नुसता डाग पडला.

बाबांनी चष्मा माझ्या हातातून घेतला, काच अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "उजवी पुन्हा घासावी लागेल."

"कुणाला घालायला?" मी विचारलं.