आम्रपाली जागची हलली नाही

आरेच्या जंगलातल्या पायवाटेवर मी मुली मोजल्या. बावीस. पुन्हा मोजल्या. बावीसच. निघताना तेवीस होत्या.

मी तेव्हा अंधेरीच्या एका शाळेत प्रायमरीला शिकवायचे आणि शनिवारी बुलबुल घ्यायचे. बुलबुल म्हणजे स्काउट-गाइडमधल्या सगळ्यात लहान मुली. गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, आपला डबा आपणच घासणं. आता निवृत्त झाल्यावर व्याकरणाचे तास आठवत नाहीत, ते शनिवार आठवतात.

कमी होती ती आम्रपाली, तिसरीतली. तिची आई सुजाताताई, त्याही दिसेनात. त्या एमआयडीसीत पॅकिंगला होत्या. "शनिवारची ट्यूशन बुडते, नाव काढा," असा अर्ज त्यांनी दिला होता. हेडमिस्ट्रेसनी मला सुनावलं, "आणखी एक तक्रार आली ना, तर बुलबुल बंद." म्हणून मीच सुजाताताईंना म्हटलं, एकदा सोबत या, बघा, मग ठरवा.

आणि आता ही पंचाईत! फोन लावला, रेंज नाही. आरेत बिबटे आहेत, हे कोणाला सांगायला नको. बाकीच्या मुली सोबतच्या टीचरकडे सोपवल्या आणि जवळच्या पाड्यातल्या एका मावशींना घेऊन मी मागे फिरले. मोठमोठ्याने हाका मारत होते.

"ओरडू नका बाई, जरा ऐका," मावशी म्हणाल्या.

थांबले. लांबून शिट्टी आली. तीनदा. मग शांत. पुन्हा तीनदा.

वाट चुकली की तिथेच बसायचं, तीन शिट्ट्या मारायच्या, थोडं थांबून परत मारायच्या. शाळेच्या पटांगणात मी हे खेळ म्हणून शिकवलं होतं.

ओढ्यापलीकडे एका दगडावर आम्रपाली बसली होती. आईची ओढणी एका मुठीत घट्ट धरलेली. सुजाताताई रडत होत्या.

"मिस, फुलं बघायला वळलो नि वाट कुठे गेली कळलंच नाही. मी म्हणते, चल, पुढे रस्ता असेल. ही उठेच ना! ओढलं, एक चापटसुद्धा मारली हो. तरी म्हणते, हलायचं नाही, मिस शोधत येतील."

"घाबरली नाहीस गं?" मी आम्रपालीला विचारलं.

"घाबरले ना. पण आई जास्त घाबरलेली."

सोमवारी हेडमिस्ट्रेसना सगळं सांगितलं. लक्ष माझं सुटलं होतं, तेही सांगितलं.

"काही झालं असतं तर, मिस? बंद करा आता ते."

तेवढ्यात दारात सुजाताताई. कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आलेल्या.

"मॅडम, माझा अर्ज परत द्या. ट्यूशनमध्ये असलं कोण शिकवतं, सांगा ना?"

हेडमिस्ट्रेसनी अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. मग मला म्हणाल्या, "जंगलात जाताना दोन टीचर जास्त न्या."

त्यानंतर सुजाताताई शनिवारी येऊ लागल्या. नवऱ्यालाही आणायच्या. हळूहळू बरेच आईबाप जमायला लागले, गाठी शिकायला. मुलींपेक्षा त्यांचाच गलका जास्त असायचा.

आम्रपालीने त्या दिवशी आईचं ऐकलं नाही, हे तिच्या प्रगतिपुस्तकात लिहावं असं मला फार वाटत होतं. रकाना सापडला नाही. शेवटी 'वर्तणूक: उत्तम' लिहून मोकळी झाले.