फ्यूज देवरावांच्या खिशात

दुर्गजवळच्या रिसालीत, आमच्या गल्लीत पंखा, मिक्सर, कूलरची मोटर, काहीही बिघडलं की लोक ते उचलून देवरावांच्या दारात आणायचे. पस्तीस वर्षं लोखंडाच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती त्यांनी. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी हातात टेस्टर नसला की माणूस बेचैन. पण गेल्या महिन्यात ते गॅसवर दूध ठेवून भाजीला निघून गेले आणि भांडं काळं ठिक्कर पडलं. त्याआधी एक कूलर उघडून ठेवला, तो कोणाचा तेच आठवेना. मग लेक यामिनी स्पष्टच म्हणाली, "बाबा, डॉक्टरला दाखवू. अन् तोवर करंटच्या कामाले हात लावू नका."

देवरावांना ते फार लागलं.

यामिनी दुर्गच्या पलीकडे एका पेरूच्या बागेवर सुपरवायझर. लहानपणापासून तिचा उजवा पाय अधू, दुचाकी तोलता येत नाही. म्हणून बागेत फिरायला तिनं एक जुनी क्वाड बाइक घेतली होती. जाड टायरांची, चार चाकांची, चिखलातही न अडणारी. गुरुवारी तीच बंद पडली. बटण दाबलं तर टक्क आवाजसुद्धा नाही. दुर्गच्या मिस्त्रीनं सीट उचलून पाहिली आणि हात वर केले. सोमवारी पेरूचा तोडा सुरू व्हायचा होता. शेवटी गाडी टेम्पोत टाकून बापाच्याच अंगणात आली.

"सोमवारी सकाळी तुले चालू गाडी देतो," देवराव म्हणाले. मनात दुसरंच होतं. ही गाडी सुरू झाली की आपलं डोकंही शाबूत आहे, हे सगळ्यांना कळेल. बायकोला, लेकीला, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही.

कामाला हात घालण्याआधी त्यांनी गाडीचा मेन फ्यूज उपसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मिलची शिस्त ती. काम चालू असताना कोणी चुकून करंट सोडू नये म्हणून फ्यूज काढायचा, आपल्याच खिशात ठेवायचा आणि पॅनेलवर टॅग लटकवायचा: कोण कोण कामावर आहे, किती वाजल्यापासून. टॅग न लावता फ्यूज काढणाऱ्याला देवराव सोडायचे नाहीत, सगळ्यांदेखत झापायचे. पण घरच्या अंगणात कसला आलाय टॅग! तेवढं त्यांनी गाळलं. फ्यूज कुठं गेला ते तुम्ही लक्षात ठेवा, कारण ते विसरले.

मग काम मात्र झकास केलं हो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा क्षार चढला होता, तो सोडा आणि गरम पाण्यानं धुतला. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. शुक्रवारी सीटखाली स्टार्टरची वायर उंदरानं कुरतडलेली सापडली, तेव्हा तर ते लहान पोरासारखे ओरडले, "सापडला बाप्पा चोर!" वायर जोडली, झाळली, वरून टेप गुंडाळली.

शनिवारी सकाळी यामिनी आली. देवरावांनी ऐटीत ब्रेक दाबला, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. तरी नाही. मग त्यांनी दोन वायरींना जोडलेला, करंट तपासायचा आपला जुना बल्ब काढला. बॅटरीवर लावला तर लागला, पुढं लावला तर नाही. फ्यूजचा डबा उघडला, तर खोबण रिकामी.

"हे पाह्य!" ते कडाडले. "त्या मिस्त्रीनं फ्यूज काढून घेतला. फोन लाव त्याले. दोन दिवसांपासून मी इथं रक्त आटवून राहिलो, अन् हा हरामखोर..."

यामिनीनं फोन लावला. मिस्त्री बिचारा शपथा घेऊ लागला. देवरावांनी फोन हिसकावून त्याला नको नको ते सुनावलं.

देवरावांची बायको, दुर्गाबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मिलच्या दिवसांत एकदा असाच फ्यूज देवरावांच्या खिशातून घरी आला होता आणि अर्धी शिफ्ट खोळंबली होती. तेव्हापासून त्या खिसे तपासल्याशिवाय कपडा भिजवत नसत. आत जाऊन त्यांनी बटणांची डबी आणली आणि नवऱ्याच्या तळहातावर फ्यूज ठेवला.

"परवाच्या सदऱ्यात होता," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तुम्ही आपणहून मागाल. मी वाट पाहून राहिली होती."

देवरावांनी फ्यूज उलटसुलट करून पाहिला. फोन त्यांनी खाली ठेवला.

"मले आठवतच नाही, यामिनी," ते हळूच म्हणाले. "काढल्याचं काहीच आठवत नाही. त्या माणसाले मी उगाच शिव्या दिल्या." मग फ्यूज लेकीपुढं धरला. "तूच लाव. मले भीती वाटून राहिली. आजपासून मी हात नाही लावत."

यामिनीनं फ्यूज घेतला नाही. "वायर कोणी शोधली? तुम्हीच ना? मंग लावा तुम्हीच."

देवरावांनी फ्यूज बसवला. बटण दाबलं, आणि गाडी धडधडत सुरू झाली. दुर्गाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. यामिनीनं गाडीवर बसून ब्रेक दाबला तसे देवराव सवयीनं मागं गेले, वाकून पाहिलं.

"ब्रेक लाइट नाही लागून राहिला," ते म्हणाले. पण हात मागं बांधून घेतले.

यामिनीनं इंजिन बंद केलं. खाली उतरून फ्यूज तिनं स्वतः उपसला आणि आपल्या कुर्त्याच्या खिशात टाकला. मग मिठाईच्या डब्याचं झाकण फाडलं, त्यावर पेनानं लिहिलं, 'काम चालू आहे. देवराव. यामिनी. फ्यूज यामिनीकडे.' आणि ते सुतळीनं हँडलला बांधलं.

देवरावांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. मग त्यांनी आपला बल्ब पुन्हा उचलला.

"टाइम टाक," ते म्हणाले. "टाइमाशिवाय टॅग चालत नाही."