घोडेगावची गाय पुण्यात दिसेना

“ताई, तुमच्या ह्या पेटीत माजी गाय न्हाई व्हय?”

सुंदराबाई माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून विचारत होत्या. स्क्रीनवर पांढऱ्या पानावर एकच ओळ होती, ‘इंटर्नल सर्व्हर एरर’. म्हणजे सर्व्हर म्हणतोय, माझं आत काहीतरी बिनसलंय, काय ते तुम्हीच शोधा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला माळीवाड्याच्या एसटी स्टँडजवळ वरच्या मजल्यावर माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि मी पुस्तकं वाचून, चुकून, पुन्हा वाचून प्रोग्रॅम लिहायला शिकले. आमचे गुरांचे डॉक्टर मोठे हौशी. त्यांच्या डोक्यात आलं, घोडेगावच्या बाजारात येणाऱ्या गाई लांबच्या गिऱ्हाइकाला आधीच दिसल्या तर? मी पायथन नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. गिऱ्हाइकानं वेत, म्हणजे गाय कितव्यांदा व्यालेली हवी ते, आणि दूध निवडायचं, की गाईचा फोटो आणि माहिती समोर. हे सगळं ठेवलं होतं अमेरिकेतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर. मी नगरला बटन दाबायचं आणि तिकडं अक्षर उमटायचं. मला रोज नव्यानं नवल वाटायचं.

त्या दिवशी दक्षिणेतले एक डेअरीवाले, नायरसाहेब, पुण्यात सायबर कॅफेत बसले होते. गाई पसंत पडल्या तर नगरला येणार, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं घरी. सुंदराबाईंचा चारा संपला होता. गाय विकणं भाग होतं, पण कुणालाही नाही.

“बाजारात दावं हातात घेनारा तिला कुटं नेतो, काय भरवसा?” त्या म्हणाल्या. “डाक्टर म्हनत्यात, ह्या सायबाचा गोठा हाय. तितं गेली तर मला झोप लागंल.”

“लागंल, लागंल,” खिडकीत बसलेले बबनराव म्हणाले. बबनराव म्हणजे बाजारातले दलाल. “आधी गाय पेटीतनं भाईर तर येऊ द्या!”

डॉक्टर चिडले. “रूथताई, काल दुपारी तर चालत होतं!”

“आत्ताही चालतंय, डॉक्टर. बघा.”

मी टेलनेटनं, म्हणजे इथं बसून लांबच्या सर्व्हरला आज्ञा देता येतात त्या सोयीनं, डॉक्टरांच्याच खात्यात शिरले आणि प्रोग्रॅम थेट चालवला. सगळ्या गाई भराभरा आल्या. सुंदराबाईंच्या गाईचं नावसुद्धा. पण ब्राउझरमध्ये तेच पांढरं पान. माझी मतीच गुंग झाली. प्रोग्रॅम तोच, गाई त्याच. मला दिसतात, जगाला दिसत नाहीत!

मग सर्व्हरची लॉग फाईल उघडली. आपलं काय चुकलं ते सर्व्हर तिथं लिहून ठेवतो. शेवटची ओळ होती, ‘परमिशन डिनाइड’. परवानगी नाही.

आता हे परवानगीचं प्रकरण सांगते. त्या सर्व्हरवर प्रत्येक फाईलला तीन प्रकारची माणसं: मालक, मालकाच्या गटातले आणि बाकीचं जग. प्रत्येकाला तीन हक्क देता येतात, वाचणं, लिहिणं, चालवणं. मी आत गेले ती मालक म्हणून. पण ब्राउझरमधून पाहुणा येतो, तेव्हा सर्व्हर त्याचं काम ज्या खात्यातून करतो, त्या खात्याचं नावच ‘नोबडी’. कुणीच नाही! त्याच्या मालकीचं काही नाही, त्याला हक्क फक्त बाकीच्या जगाचे. मी हे वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. साऱ्या दुनियेशी ज्याची गाठ पडणार, त्यालाच सगळ्यात कमी अधिकार. ज्यानं हे योजलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

प्रोग्रॅम चालवायचा हक्क सगळ्यांना होता. गाईंची फाईल वाचायला सगळ्यांना मोकळी होती. मग अडतंय कुठं? मी फाईल सोडून ती ज्या फोल्डरमध्ये होती त्याच्याकडं बघितलं. फोल्डर मालकाशिवाय सगळ्यांना बंद!

“डॉक्टर, हे कुणी केलं?”

डॉक्टर बबनरावांकडं बघायला लागले. बबनराव छताकडं.

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबायची, घेणाऱ्या-देणाऱ्याला कळतं, शेजारच्याला नाही. गाईंच्या अपेक्षित भावाची फाईल त्याच फोल्डरमध्ये होती. प्रोग्रॅम तिला हातही लावत नव्हता, पण बबनराव आदल्या संध्याकाळी डॉक्टरांच्या मागं लागले होते आणि डॉक्टरांनी अख्खं फोल्डरच बंद करून टाकलं होतं.

“मी काय म्हनलो? भाव झाका म्हनलो,” बबनराव म्हणाले. “गाय झाका म्हनलो का? रुमाल हातावर टाकत्यात, गाईवर न्हाई टाकत!”

सुंदराबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

मी बाकीच्या जगाला फोल्डरचा ‘चालवायचा’ हक्क दिला. फोल्डरच्या बाबतीत त्याचा अर्थ, आत पाऊल टाकायची मुभा. आत काय काय आहे त्याची यादी मात्र मागता येत नाही. भावांची फाईल एकट्या मालकाला ठेवली. chmod नावाच्या आज्ञेच्या दोन ओळी, बस.

फोनची तार कॉम्प्युटरला गुंतलेली, म्हणून डॉक्टर पुण्याला फोन करायला खालच्या एसटीडी बूथवर धावले. मी पान पुन्हा मागवलं. मोडेम हळू, फोटो वरून खाली उतरत होता. आधी शिंगं. मग कपाळावरचा पांढरा टिळा. मग डोळे. अमेरिकेत जाऊन आलेली गाय आमच्याकडं बघत होती. बबनरावसुद्धा खिडकीतून उठून आले.

“हीच की वं!” सुंदराबाईंनी काचेवर तळहात ठेवला. “तिला म्या दिसते का?”

मला हसता येईना. जिन्यातून डॉक्टरांचा आवाज आला, “दिसली! पुण्यात दिसली! साहेब विचारतायत, गाय लाथ मारते का?”

“वासराला न्हाई मारत,” सुंदराबाई खाली ओरडल्या. “मानसाचं मानसावर हाय, म्हनावं!”

नायरसाहेब बाजारच्या दिवशी आले. त्यांनी सुंदराबाईंची गाय घेतली, शिवाय आणखी काही. टेम्पोत चढताना गाय अडली, तेव्हा सुंदराबाईच आधी टेम्पोत चढल्या.

मी पुढं बरीच कामं केली. काम झालं की पहिल्यांदा लॉगआउट करते, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते आणि परकी होऊन बघते. मालकाला सगळं दिसतंच. त्याचं मत काही उपयोगाचं नसतं.