सर्व्हरवरचं विरजण

मंडळी, आज आपला गाण्यांचा सर्व्हर मरता मरता वाचला.

तुम्हाला गाणी उतरवता यावीत म्हणून सणसरच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर मी फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर चालू ठेवतो. मोडेमपायी फोन दिवसभर अडकलेला. ताईच्या सोयरिकीसाठी कळसच्या पाव्हण्यांना आमचा फोन लागेना, म्हणून ते आज थेट दारातच उभे!

पाव्हणे गेल्यावर आमचे वडील, आबा, भडकले. "ह्ये डबडं बंद कर आधी!" म्हणत वायर उपटायला धावले.

आई आडवी आली. "हात लावू नगा! थंडीचं दही जमत न्हाय. त्याच्या उबंला विरजण ठिवलंय."

शेवटी तोड निघाली. मशिन चालूच राहणार, फक्त हा निरोप पाठवला की मोडेमला लावलेली फोनची वायर काढायची.

म्हणजे सर्व्हर जोरात चालू आहे, पण गाणी मिळणार नाहीत. दही हवंय का कुणाला?