धूर सोसत न्हाई

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. नांदेडला गोदावरी असल्यामुळे अंघोळ हा डोकं लावण्याचा विषय आहे हे मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं. लातुरात नळ आठवड्यानं आला तरी लोक त्याचं कौतुक करतात. पहिल्याच हिवाळ्यात मी दुसरी बादली मागितली, तर सासरे म्हणाले, "नांदेडची हाय. येताना गोदावरी संगं आणायची व्हती."

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा बसडेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. माणूस मनानं चांगला, पण घरात त्यांना एकच भाषा येते, हाक मारायची. टॉवेल, चष्मा, नखं कापायचं यंत्र, सगळं हाकेवर हजर व्हायला हवं. माझा नवरा या कशात पडत नाही. तो शहाणा आहे.

आमच्याकडे अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब. त्यात लाकडं जळायची आणि दर थंडीत आत्यांना खोकला लागायचा. "मला धूर सोसत न्हाई," म्हणत त्या पिशवी भरायच्या आणि पुण्याला धाकट्या दिरांकडे जायच्या, ते थेट संक्रांत उलटल्यावर परत. मग मामांचं घरात लक्ष लागायचं नाही. माझ्या वरणाला नावं ठेवायची, पेपर उलटा धरून बसायचं. बायकोशिवाय करमत नाही हे तोंडानं कबूल केलं असतं तर ते मामा कसले!

डेपोत ड्रायव्हर म्हणाला, "गाडी वडत न्हाई," की मामा इंजिन उघडायचे. बायको म्हणाली, "धूर सोसत न्हाई," म्हणून त्यांनी बंब उघडला. साधा, सरळ माणूस.

रेशनचं राकेल कधीच बंद झालेलं. गिझर आणू म्हटलं तर, "वीज काय तुझ्या बापाची हाय का," असा प्रेमळ प्रश्न आला. मग त्यांनी ओळखीच्या गॅरेजातून गाड्यांचं जळकं काळं ऑइल आणलं. भिंतीवर डबा टांगला, त्याला बारीक नळी आणि तोटी लावली, खाली बंबात लोखंडी वाटी ठेवली. थेंब थेंब ऑइल पडणार आणि जळणार. पहिल्या दिवशी इतका काळा धूर निघाला की शेजारच्या खालांनी भिंतीवरून डोकं काढलं. खाला शाळेचे गणवेश शिवतात आणि पांढरे शर्ट दोरीवर होते. "भाईजान, पानी गरम कर रहे की रेल चला रहे?" मामांनी सगळे शर्ट धुवून देतो म्हटलं. धुतले मी.

पण हार मानणं त्यांच्या रक्तात नाही. ऑइल जुन्या धोतरातून गाळायला लागले. वाटीला हवा मिळावी म्हणून छोटा पंखा बसवला. बंबाच्या मधल्या धुरांड्यात पत्र्याची पिळलेली पट्टी सोडली, म्हणजे गरम हवा भर्रकन वर न पळता रेंगाळत जाईल. बोअरच्या पाण्यानं आत क्षाराचा थर धरला होता, तो चिंच घालून सोडवला आणि वर्षभराची चिंच संपवली. शेवटी बंबाला बाहेरून गोधडी गुंडाळली, ती माझी होती. तरी खरं सांगते, काम झकास झालं. पूर्वीच्या निम्म्या वेळात पाणी कढत व्हायचं आणि ज्योत स्वच्छ. मामांनी धुरांड्यावर पांढरा पंचा धरला. डाग नाही. तो पंचा झेंड्यासारखा मिरवत ते आत्यांपुढे उभे राहिले. "बघ. आता पुण्याला जायाची गरज न्हाई!"

आत्यांनी पंचा उलटासुलटा केला, "लई चांगलं झालं," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी बसल्या.

"धूर गेला गं," हळूच म्हणाल्या. "आता म्या काय सांगून जाऊ?"

मी फिस्सकन हसले. त्या हसल्या नाहीत. "तितं सकाळी कुनी हाक मारत न्हाई," म्हणाल्या. मला एकदम फार वाईट वाटलं.

"आत्या, जायचंय म्हणा की सरळ."

"आसं कुठं म्हणत्यात व्हय?"

पण संध्याकाळी म्हणाल्या. मामा ऑइल गाळत होते. "मला पुण्याला जायचंय."

मामांनी आधी बंबाकडे पाहिलं. "पंख्याचा आवाज व्हतो का? काढून टाकतो."

"बंबाचं काई न्हाई. मला जायचंय."

"मग इतकी वर्सं धूर धूर काय लावलं व्हतं?"

"मग काय म्हणू? तुमी सोसत न्हाईत म्हणू?"

धोतरातून ऑइल फरशीवर गळत राहिलं. मामांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आत्यांना पुण्याच्या गाडीत बसवलं, खिडकीची जागा धरून. घरी आल्यावर बराच वेळ ओट्यापाशी घुटमळले. मग मला म्हणाले, "मी एवढा जड हाय का गं सोसायला?"

"हाव, मामा."

वाटलं आता तोफ सुटणार. त्यांनी नुसती मान हलवली. गॅसवर पातेलं ठेवलं आणि एका पाठोपाठ एक डबे उघडून बघायला लागले.

"आपल्या घरात," त्यांनी विचारलं, "चहाची पत्ती कुठं असती?"