चिन्नोर म्हणून वाढलेला भात

सगळ्यात आधी मला त्या नांगराचा राग आला. चंद्रपुरात माझा धाकटा भाऊ राहतो, त्या कॉलनीच्या तोंडाशीच एक भारी हॉटेल झालंय. काचेचा दरवाजा, आत थंडगार एसी, आणि शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर खराखुरा लाकडी नांगर टांगलेला. त्याच्यावर पिवळा दिवा सोडलेला. खाली धान कांडायचं उखळ, आणि त्या उखळात मनीप्लांट. कोणाच्या तरी घरचं चालतं उखळ असेल ते.

बाबा नांगरासमोर थांबले, मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "उलटा टांगला हाये."

"बाबा, शोसाठी असते ते," भाऊ म्हणाला आणि त्यांना दंडाला धरून टेबलाकडे घेऊन गेला.

बाबांना सत्तर पूर्ण झाली म्हणून हे जेवण होतं. भावानंच ठरवलं होतं, आणि मोठ्या हौसेनं ठरवलं होतं हे मी कबूल करते. रविवारी सकाळीच तो गाडी घेऊन सिंदेवाहीला गेला आणि बाबांना घेऊन आला. मी गडचिरोलीहून एसटीनं आले. तिथं मी शाळेत शिकवते. भावजय माहेरी गेली होती आणि आईला जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून टेबलावर आम्ही तिघंच. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. खिशाला पेन. आता ते पेन कशाला, पण नोकरीपासूनची सवय.

नोकरी म्हणजे सिंदेवाहीच्या भातकेंद्रावरची, जिथं धानाचे नवे वाण काढतात. सुरुवातीला रोजंदारीवर, मग कायम झाले. साहेब लोक शिकलेले, वेगवेगळ्या वाणांचे तुकडे तुकडे पेरायचे, प्रत्येक बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, नंबरची पाटी. बाबांचं शिक्षण सातवी. पण चिन्नोरसारख्या सुगंधी वाणाची वेळ आली की साहेब बाबांनाच हाक मारायचे. बाबा पाच-सहा कच्चे दाणे तोंडात टाकत, हळूहळू चावत, थुंकत, पाण्यानं चूळ भरत, आणि मग दुसऱ्या पुडीतले दाणे घेत. कुठल्या नंबरात वास उतरला आणि कुठल्यात नाही, ते सांगत. साहेब लिहून घेत. बाबांचं नाव कुठं छापून आलं नाही आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

या कामासाठी त्यांनी जन्मात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाल्ला नाही. बाहेरच्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. आमच्याकडे ज्याच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी नाही असा गडी दाखवा म्हटलं तर गाव हिंडावं लागेल. लग्नात, मयतीत, बांधावर, जिथं तिथं माणूस माणसाला आधी खर्रा देतो, मग बोलतो. बाबा हात जोडत. "जीभ मरते," म्हणत. लोक हसत, चिडवत, "काय गा, बायकोनं बंदी केली काय," म्हणत. बाबाही हसत. पण घेतला कधीच नाही. रिटायर झाल्यावरही नाही, कारण गावातले लोक नवे तांदूळ घेऊन घरी येतच राहिले. ओंजळभर तांदूळ पुढे करायचे, "भाऊ, पाहा जरा, व्यापारी चिन्नोर म्हणून देऊन राह्यला." बाबा चावायचे आणि सांगायचे. त्यावर घेणं-न घेणं ठरायचं.

मग कोरोना आला आणि बाबांचा वास गेला. चार-साडेचार महिने गेला. त्या दिवसांत ते फार गप्प असायचे. आणि एका सकाळी त्यांचा फोन आला, "बाई, शेजारी भात शिजून राह्यला, मले रस्त्यावर वास आला." रडत होते की हसत होते, फोनवर कळलं नाही. मी लगेच भावाला कळवलं. म्हणजे वास परत आला हे मला माहीत होतं आणि भावालाही माहीत होतं. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढं मला पळवाट मिळेल.

तर टेबलावर मेनू आला. जाडजूड, लाकडी पुठ्ठ्याचा. त्यात प्रत्येक पदार्थाखाली एकेक गोष्ट लिहिलेली. जंगल, माती, आजीचा हात, असलं काय काय. वरणाला सुद्धा गोष्ट. किंमत मी सांगत नाही, उगाच पुन्हा डोकं फिरेल. भाऊ वाचता वाचता एकदम खुलला. "बाबा, हे पाहा. झाडीपट्टीचा अस्सल चिन्नोर, थेट सिंदेवाहीच्या बांधीतून. तुमच्या गावचा भात." त्यानं तोच मागवला, खास बाबांसाठी. लेकरू परीक्षेचा निकाल दाखवतं तसा त्याचा चेहरा झाला होता.

भात आला. पांढऱ्या शुभ्र प्लेटीत पळसाच्या पानाचा द्रोण, द्रोणात वाटी उलटी करून पाडलेली भाताची मूद, वर पुदिन्याचं पान. घमघमाट तीन टेबलं ओलांडून पलीकडे गेला. भावानं डोळे मिटून वास घेतला. मीही घेतला. छान होता, खोटं कशाला बोलू.

बाबांनी वरण ओतू दिलं नाही. पुदिना काढून बाजूला ठेवला, चार शितं बोटावर घेतली, तोंडात टाकली आणि हळूहळू चावली. पाणी प्यायले. थांबले. परत चार शितं घेतली. आम्ही दोघं बहीण-भाऊ लहानपणापासून हे पाहत आलो होतो, त्यामुळे हात थांबवून वाट पाहिली.

"हे चिन्नोर नाई," बाबा म्हणाले.

"बाबा, किती वास येऊन राह्यला."

"वरून येऊन राह्यला. चावल्यावर नाई येत. चिन्नोरचा वास चावल्यावर तोंडात येते आन घास गिळला तरी राह्यते. हे दुसरं कायतरी हाये. दाना बारीक हाये, पण चिन्नोर नाई."

बोलणं एवढ्यावरच राहिलं असतं. पण हॉटेलचा मालक टेबलाटेबलावर फिरत होता, तो नेमका आमच्याकडे आला. तोही त्याच कॉलनीतला, भावाची आणि त्याची रोज सकाळी फिरताना गाठ पडते. गोरागोमटा, हसरा माणूस. वाकून बाबांना नमस्कार केला. "काका, भात कसा वाटला? स्पेशल आहे आपला."

बाबांना खोटं बोलता येत नाही असं नाही, पण तांदळाच्या बाबतीत येत नाही. ते अगदी नरमाईनं म्हणाले, "शिजला चांगला हाये. पन हे चिन्नोर नाई, भाऊ."

मालक हसला. "काका, डायरेक्ट सिंदेवाहीहून येतो आपला माल."

"कोन्या गावचा?"

"आता गाव वगैरे, सप्लायर पाहतो ना ते."

"मी तिथलाच हाये, म्हनून विचारलं," बाबा म्हणाले. भातकेंद्राचं नाव त्यांनी काढलं नाही. मोठेपणा सांगायची त्यांना लाज वाटते. ते सांगायचं काम माझं होतं.

मालकाचं हसू जरा आखडलं. बाजूच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे पाहू लागले. आणि माझा भाऊ, ज्याला बाबांनी खांद्यावर बसवून बांधीबांधी हिंडवलं, तो मालकाला म्हणाला, "सॉरी हां. कोरोनापासून बाबांना वास समजत नाही. नाक गेलंय त्यांचं."

"अरे, अरे," मालक म्हणाला. त्याला केवढं बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा. "होतं असं काका. टेन्शन नका घेऊ. आपल्याकडून एक स्वीट डिश घ्या." आणि गेला.

बाबा भावाकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते. त्यांना मी ठाऊक आहे. मी हेडमास्तरांशी भांडते, कंडक्टरशी भांडते, भाजीवाल्यानं एक किडकं वांगं टाकलं तरी परत जाऊन त्याच्या पुढ्यात आपटते. आमच्या गावात माझ्या तोंडाची ख्याती आहे. ते त्या तोंडाकडे पाहत होते.

आणि मी म्हणाले, "बाबा, जेवा ना आता. थंड होऊन राह्यलं."

का म्हणाले? लोक पाहत होते म्हणून. भावाचा चेहरा उतरला होता म्हणून. एसी, नॅपकिन, ते पांढरं टेबल, कशाकशाची भीड पडली कोण जाणे. आणि आणखी एक, सांगायला जीभ रेटत नाही: मलाही तो वास खरा वाटला होता. एका क्षणापुरतं मलाही वाटलं, की खरंच यांचं नाक गेलं असेल.

बाबा जेवले. सगळा भात संपवला, एक शीत ठेवलं नाही. ताटात भात टाकणं त्यांच्यानं होत नाही. स्वीट डिश आली, तिला हात लावला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं मी दोन दिवस सिंदेवाहीला गेले होते. धान नुकतंच निघालं होतं. दुपारी गल्लीतला एकजण ओंजळीत तांदूळ घेऊन आला, नेहमीसारखा. "भाऊ, पाहा जरा."

बाबांनी हातच पुढे केला नाही. "दुसऱ्या कोनाले दाखव," म्हणाले. "मले नाई समजत आता. नाक गेलं माहं."

तो माणूस बिचारा तसाच उभा राहिला, ओंजळ धरून. मी आत चहा ठेवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकावर, भावावर, त्या उलट्या नांगरावर, आणि त्या सगळ्यांच्या आधी माझ्यावर. सत्तर वर्षांच्या माणसाकडं स्वतःचं असं एक खात्रीचं काही होतं, ते आम्ही पोटच्या पोरांनी चारचौघांत काढून त्या हॉटेलवाल्याला देऊन टाकलं होतं.

रजा वाढवली आणि दुसऱ्या दिवशी चंद्रपूर गाठलं. अकराच्या सुमाराला हॉटेल उघडत होतं. मालक काउंटरवरच होता. मी म्हटलं, "तुमचा चिन्नोर किलोभर द्या, बाबांसाठी पाहिजे."

"विकायला नसतो मॅडम." मग ओळख पटली. "तुम्ही त्या काकांच्या ना? नाक गेलेल्या?"

"मग दाखवा तरी."

"किचनमध्ये गेस्टला अलाउड नाही," तो म्हणाला, तेच हसू हसून.

मी बाहेर पडले आणि सरळ मागच्या गल्लीत गेले. हॉटेल पुढून कितीही काचेचं असो, मागं सगळ्यांचं सारखंच असतं. ओल्या फरशीवर एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, माझ्याच वयाची. मी तिच्या बाजूला उकिडवी बसले. कुठली, काय, लेकरं किती, असं थोडं बोलणं झालं. मूल गावाकडची निघाली, घरी धान पिकवणारी. मग विचारलं, "हेच का हो ते चिन्नोर?"

तिनं आधी दरवाजाकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून हसली. "कायचं चिन्नोर बाई. दुकानातला बारीक तांदूळ हाये. शिजताना बाटलीतले चार थेंब टाका लागतेत. मीच टाकतो रोज."

"तुमाले समजते काय फरक?"

"न समजाले काय झालं? धानावर तं वाढलो."

मी मूठभर तांदूळ मागून घेतले आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली. भावाला तिथूनच फोन लावला. बाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई आता. रोज तोंड पाहा लागते त्या माणसाचं." मी फोन ठेवून दिला, नाहीतर गल्लीत तमाशा झाला असता.

एसटीत सिंदेवाहीपर्यंत ती गाठ हातात धरून होते. मनात सगळं रचून ठेवलं होतं: बाबांच्या पुढ्यात तांदूळ ठेवायचे, सांगायचं, ते हसतील, म्हणतील मी सांगतलंच होतं, आणि उद्यापासून लोक पुन्हा ओंजळी घेऊन येतील. मोहीम फत्ते करून आल्यासारखी मी अंगणात शिरले.

बाबा खाटेवर बसले होते. मी खाली बसले, गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. "बाबा, तुमी खरे होते. हे चिन्नोर नाईच. वरून वास टाकतेत. तिथल्या बाईनं सांगतलं मले."

बाबांनी दाण्यांकडे पाहिलं. उचलले नाहीत.

"कोन बाई?"

"तांदूळ निवडते तिथं. रोज तीच शिजवते."

"पह्यले वळख होती काय तुही तिच्यासंग?"

"नाई. आजच भेटली."

"किती वेळ बोलली?"

"असंच, दहा-पंधरा मिनिटं."

बाबांनी मान हलवली. माझा तळहात तसाच पुढे होता. त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली, तांदळासकट, आणि मूठ माझ्या मांडीवर ठेवली. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले तरी असते.

"तिचं पटलं तुले," बाबा म्हणाले. "मी तं तुह्या बाजूलेच बसलो होतो, बाई."