धूर नसलेली कंपनी

दौंड स्टेशनावर मला सोडायला आई, आप्पा, भाऊ, भावजय आणि सलीमचाचा आले होते. चाचा काही आमच्या नात्यातले नव्हेत. आमच्या गावात, खुटबावला, एसटीच्या थांब्यासमोर त्यांचं टेलरचं दुकान. माझ्या बालवाडीच्या फ्रॉकपासून कॉलेजच्या ड्रेसपर्यंत सगळं त्यांच्याच मशीनखालून गेलेलं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जाड खाकी कापडाची पिशवी शिवून आणली होती. "हैदराबादेत माल लई मिळंल, पर ही शिलाई न्हाई मिळायची," म्हणाले. आई पदर तोंडाला लावून रडत होती. आप्पा मात्र रुबाबात उभे. भेटेल त्याला सांगत होते, "कंपनी मोठी झाली, आन् आमच्या पोरीला संगं घिऊन निघाली." खरं तर कंपनी गावाला टाकून निघाली होती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं भांडगावच्या ऑफिसातून उठून इकडं आलेल्यांनो, ही गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी मी आजवर दाबून ठेवली.

कंपनी यायच्या आधीची गोष्ट, आप्पा तेव्हा सरपंच. शिरूर तालुक्यात आत्याकडं जाता-येता सणसवाडीचे कारखाने दिसायचे, भाड्यानं गेलेल्या खोल्या दिसायच्या, आणि त्यांचा जीव जळायचा. "आपल्याला धुराची कंपनी नगं," ते म्हणायचे, "खुर्चीवाली आणू. विम्याची. आपल्या पोरी पंख्याखाली बसून पगार घेतील." त्यात शिरूरचे पुढारीही त्याच विमा कंपनीच्या मागं लागलेत असं कळलं. मग काय विचारता! आप्पांना चेवच चढला. कंपनीच्या साहेबांना तीनदा बोलावलं, फेटे बांधले, शाल-श्रीफळ दिलं, मटणाचं जेवण घातलं. भांडगावला हायवेच्या कडेला सोसायटीचं रिकामं गोदाम होतं. तिथल्या मंडळींना पटवून ते रंगवून घेतलं, फरशी बसवली. साहेब सगळं बघून म्हणाले, "जगह अच्छी है. लेकिन पहले बिझनेस दिखाइए." म्हणजे आधी गावानं पॉलिसी काढायच्या, मग ऑफिस.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल मांडलं. पहिल्या फॉर्मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी बी.कॉम. झालेली, अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म भरायला मी. आप्पा माझ्या शेजारी आणि कंपनीचा माणूस पलीकडं भजी खात बसलेला. फॉर्मात आजारांचे प्रश्न होते. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, छातीत दुखतं का. आता आपल्याकडं नारळ फोडलेल्या जागी कुणी आजाराचं नाव काढतं का? सोयरिकीच्या बैठकीत काढत नाहीत, वास्तुशांतीला काढत नाहीत. खिशात गोळ्यांचं पाकीट असलेला माणूसही चारचौघांत "झकास हाय" म्हणतो. त्यामुळं सगळ्यांचं सगळ्याला "न्हाई."

फक्त सलीमचाचा सरळ बोलले. हसत म्हणाले, "साखर हाय की मला. दौंडच्या डॉक्टरची गोळी रोज घेतो."

आप्पांनी त्यांना तिथंच थांबवलं. "चाचा, शुभकामात अभद्र कशाला बोलताय? मने, न्हाई लिव्ह गं."

मी कंपनीच्या माणसाकडं पाहिलं. त्यानं भज्याचा हात पुसला आणि म्हणाला, "लिखो लिखो, जल्दी करो." मी लिहिलं. चाचांनी खाली सही केली.

ऑफिस आलं. दोन वर्षं काय दिवस होते ते! स्कूटीवर डबा लावून भांडगावला जायचं, गळ्यात ओळखपत्र, गावातल्या पोरी माझ्याकडं बघून कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागल्या. आप्पांची छाती फुगलेली. मग एक दिवस मेल आला की कंपनीचा विस्तार होतोय, काम हैदराबादला एकत्र होणार, यायचं त्यांनी यावं. आम्ही तिघं आलो. बाकीच्या पोरी घरी बसल्या. गोदामात आता पुन्हा खताची पोती आहेत म्हणे.

इथं मी क्लेम डिपार्टमेंटला आहे. काचेची इमारत, थंडगार एसी, रोजचं टार्गेट. फोनवर "व्हय" म्हटलं की शेजारची हसते, म्हणून "यस" म्हणते. मराठी फॉर्म वाचता येतात म्हणून आपल्या भागातल्या मृत्यूच्या फायली माझ्याकडं येतात. गेल्या वर्षी अशीच एक उघडली आणि स्क्रीनवर माझंच अक्षर दिसलं.

चाचा गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं होतंच. हार्ट अटॅक. फायलीत दौंडच्या डॉक्टरचे जुने कागद जोडले होते. साखर, कित्येक वर्षांपासूनची. वरती तपासणी करणाऱ्याचा शेरा, आजार लपवला. पॉलिसीला तीन वर्षं पुरी झाली असती तर कायद्यानं कंपनीला हा प्रश्न काढताच आला नसता. सात महिने कमी पडले.

मी जिन्यात जाऊन आप्पांना फोन लावला. म्हटलं, मी लेखी देते, त्यांनी खरं सांगितलं होतं, आपणच नाही लिहिलं. आप्पा म्हणाले, "मने, एक फारम उघडलास तर समद्या गावाचे उघडत्याल. माझं तोंड काळं व्हईल. तुजी नोकरी जाईल. गप ऱ्हा."

मी गप राहिले. लाज वाटते सांगायला, पण राहिले. जागेवर येऊन "नामंजूर" वर क्लिक केलं आणि पुढची फाईल उघडली.

पत्र गेल्यावर चाचींचा फोन आला. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बेटी, कंपनीवाले म्हणत्यात चाचांनी खोटं लिव्हलं. तुज्याच हातचा फारम हाय ना? मग खोटा कसा असंल? जरा वाचून दाव की मला." मी नेटवर्क नसल्याचं सांगून फोन ठेवला.

तेव्हापासून गावाला आले नाही. खुटबावला उतरलं की समोर पहिलं दुकान चाचांचं. आमचं घर त्याच्या पुढं. चाचींच्या दारावरून मान वर करून जाता आलं तर पुढं माझं घर, नाहीतर ती खाकी पिशवी हाच माझा सगळा गाव. तिची शिलाई अजून कुठं उसवलेली नाही.

काल मी ऑफिसला लेखी दिलं. माझं नाव, आप्पांचं नाव, त्या भजी खाणाऱ्या कंपनीच्या माणसाचं वर्णन, सगळं. पुढं काय होईल माहीत नाही. कदाचित काहीच नाही, फक्त नोकरी जाईल. आप्पांना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. तुमच्यातले ज्यांचे फॉर्म मी भरले, ते माझ्या नावानं बोटं मोडतील. मोडा.

चाची, तुम्ही फॉर्म वाचून दाखव म्हणाला होतात. आता वाचते. प्रश्न, मधुमेह आहे का? चाचा म्हणाले, हाय. मी लिहिलं, नाही.